दुसऱ्याच्या कपाटातले पुस्तक

कोणत्याही विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत ग्रंथालयाचे पान उघडले की आधी आकडे भेटतात. एकूण ग्रंथ इतके लाख, बांधीव नियतकालिके इतकी हजार, हस्तलिखिते इतकी. मूल्यांकन समिती येते तेव्हाही हेच आकडे पुढे केले जातात आणि ते मागच्या खेपेपेक्षा थोडे वाढलेले दिसावेत याची काळजी घेतली जाते. या आकड्यांत खोटे काही नसते. पण संशोधन करणाऱ्याला त्यांचा उपयोग फारसा नसतो. त्याला पाच लाख पुस्तके नको असतात, एक हवे असते, आणि तेच नेमके त्या पाच लाखांत नसते. अशा वेळी काउंटरवरचे बोलणे ‘आमच्याकडे नाही’ इथे संपते की ‘आमच्याकडे नाही, पण मागवून देतो’ इथवर जाते, यावरून ग्रंथालयाची कुवत कळते. या दुसऱ्या वाक्यामागे जी व्यवस्था लागते तिला शास्त्रात आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात; रोजच्या बोलण्यात इंटर-लायब्ररी लोन, किंवा नुसते आयएलएल. नाव सगळ्यांना ठाऊक असते. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत त्यावर टीप लिहायला येते. पण विद्यापीठात चार-पाच वर्षे काढून पीएच.डी. झालेल्यांपैकी किती जणांनी या मार्गाने पुस्तक मागवले असेल, असा प्रश्न टाकला तर फारसे हात वर होणार नाहीत. याची कारणे म्हणून पैसा, टपाल आणि संगणक यांच्याकडे बोट दाखवले जाते. माझ्या मते दुखणे वेगळे आहे. पुस्तक ही कुणाच्या तरी अंगावर टाकलेली मालमत्ता आहे असे आपल्याकडची व्यवस्था मानते, आणि जी वस्तू अंगावर आहे ती कोणी शहाणा माणूस गावाबाहेर पाठवत नाही.

या व्यवस्थेचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेत वूस्टर गावचे ग्रंथपाल सॅम्युएल स्वेट ग्रीन यांनी १८७६ साली ‘लायब्ररी जर्नल’च्या पहिल्याच वर्षी सुचवले, की ग्रंथालयांनी एकमेकांना पुस्तके उसनी द्यावीत. त्या वेळी रेल्वे होती, टपाल होते, पार्सलेही जात होती. तरी सूचनेची पद्धतशीर योजना व्हायला १८ वर्षे लागली. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ग्रंथपाल जोसेफ रोवेल यांनी १८९४ मध्ये ती सुरू केली, आणि त्यासाठी त्यांनी नवे यंत्र आणले नाही की नवी इमारत बांधली नाही. त्यांनी विद्यापीठाकडे परवानगी मागितली. पुस्तके विद्यापीठाच्या हद्दीबाहेर पाठवण्याचा अधिकार ग्रंथपालाला असावा, एवढीच. पुढे १९१७ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने या देवघेवीची पहिली संहिता केली. आज लागू असलेल्या संहितेत एक कलम आहे, ते मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते: पुस्तक देणाऱ्या ग्रंथालयाच्या दारातून बाहेर पडल्या क्षणापासून तिथे परत पोचेपर्यंत त्याची जबाबदारी मागवणाऱ्या ग्रंथालयाची. वाटेत भिजले, हरवले, फाटले, तरी भरपाई कोणी करायची हा प्रश्न वादाला उरतच नाही. संगणकाचे जाळे फार नंतर आले. ओहायोतल्या महाविद्यालयांनी १९६७ साली उभारलेल्या ओसीएलसी या संस्थेने संगणकावरून पुस्तके मागवण्याची सोय १९७९ मध्ये केली, तोपर्यंत कागदी अर्जांवर हा व्यवहार ८५ वर्षे चाललेला होता.

पण मुळात उसने का मागायचे? चांगले विद्यापीठ असेल तर त्याने पुस्तके विकतच घ्यावीत, हा पहिला आणि सगळ्यांत सरळ आक्षेप. त्याचे उत्तर आकड्यांत मिळते. पिट्सबर्ग विद्यापीठाने १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांचा पुढची सहा वर्षे माग काढला गेला, तेव्हा त्यातली जवळजवळ ४० टक्के एकदाही कोणी घरी नेलेली नव्हती. त्याआधी १९५६ मध्ये डोनाल्ड अर्कहार्ट यांनी लंडनच्या सायन्स म्युझियम लायब्ररीतून बाहेर गेलेल्या नियतकालिकांची मोजदाद केली होती. सुमारे ९ हजार चालू नियतकालिकांपैकी निम्म्याहून अधिक त्या वर्षात कोणी मागितलीच नाहीत आणि बहुतेक सगळी मागणी थोड्या नियतकालिकांनी भागवली. ग्रंथखरेदी समितीतला काटकसरी सभासद यावरून म्हणेल, मग ही न मागितलेली घ्यायचीच कशाला? पण पाचपन्नास वर्षांत एखादाच वाचक ज्याच्याकडे येतो ते पुस्तक त्या एकाच्या प्रबंधाचा कणा असू शकते. असे पुस्तक प्रत्येक विद्यापीठात असण्याची गरज नाही, कुठे तरी मात्र असलेच पाहिजे, आणि जिथे आहे तिथून निघाले पाहिजे. अर्कहार्ट यांनी हाच हिशेब पुढे नेला. यॉर्कशरमध्ये बॉस्टन स्पा या गावाजवळ, युद्धकाळातल्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या जागेवर, १९६२ मध्ये फक्त उसने देण्यासाठी असलेले राष्ट्रीय ग्रंथालय सुरू झाले. तिथे नियतकालिके नावाच्या अक्षरक्रमाने मांडलेली असत. वर्गांक नाही, तालिकाही नाही. संस्थांनी आधी पैसे भरून अर्जांची पुस्तके विकत घ्यायची, अर्ज टपालाने धाडायचा, आणि अर्ज आला की माणसाने सरळ कपाटापर्यंत चालत जायचे. तालिका न करता ग्रंथालय चालवणे हा ग्रंथपालांच्या जातीत मोठा अधर्मच, पण अर्कहार्ट मूळचे शास्त्रज्ञ होते, त्यांना त्याचे सोयरसुतक नव्हते. अमेरिकेत मध्य-पश्चिमेकडच्या दहा विद्यापीठांनी १९४९ मध्ये शिकागोत एक सामाईक कोठारच काढले; क्वचित लागणाऱ्या वस्तू एकदाच, एकाच ठिकाणी ठेवायच्या आणि सगळ्यांनी मागवायच्या. तेच आजचे सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीज.

आपल्याकडे ही बुद्धी नव्हती असे मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात झालेले विसाव्या शतकातले सगळ्यांत मोठे विद्याकार्य उसनवारीवरच उभे आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पुरे केले. त्यासाठी वापरलेल्या हस्तलिखितांची संख्या १२५९ सांगितली जाते. शारदा, बंगाली, मैथिली, नेवारी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या या पोथ्या एका संस्थेकडे असणे शक्यच नव्हते. काही संस्थांनी आपल्या पोथ्या पुण्याला धाडल्या. ज्या हलवता येण्यासारख्या नव्हत्या त्यांच्याकडे काम गेले: तंजावरला आणि शांतिनिकेतनात पाठमेळाची केंद्रे उघडली गेली, तिथल्या माणसांनी तिथल्या पोथ्या वाचून आखलेल्या कागदांवर एकेका श्लोकाखाली पाठभेद उतरवले आणि ते कागद पुण्याला आले. आजच्या भाषेत सांगायचे तर एक पद्धत मूळ प्रत उसनी देण्याची आणि दुसरी प्रतीची नक्कल पुरवण्याची. आंतरग्रंथालयीन देवघेवीच्या अजूनही याच दोन शाखा आहेत. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ मध्ये संपादक झाले तेव्हा झेरॉक्स यंत्र जन्मायचे होते. तरी काम अडले नाही, कारण कोणती पोथी कोणाकडे आहे याची यादी होती आणि ती देण्याघेण्याचा करार दोन संस्थांमध्ये झालेला होता. ही यादी आणि हा करार, हे व्यवस्थेचे दोन पाय. आपल्या विद्यापीठांत आज कोणता पाय किती लंगडतो ते पाहू.

समजा कोल्हापूरच्या एका संशोधिकेला वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’चा एखादा मधला खंड हवा आहे. एकूण खंड २२. पहिला १८९८ साली निघाला आणि पुढचे वर्षानुवर्षे, निरनिराळ्या गावच्या छापखान्यांतून. अशा मालिकेचा अखंड संच क्वचितच पाहायला मिळतो. एका ठिकाणी आरंभीचे खंड, दुसरीकडे मधले दोन, तिसरीकडे शेवटचे आणि त्यातल्या एकाची पहिली सोळा पाने गेलेली. ती संगणकावर अनेक ग्रंथालयांची संयुक्त तालिका उघडते. शोध कसा लिहायचा? नाव देवनागरीत लिहिले तर जुन्या लेखनाप्रमाणे ‘साधनें’वर अनुस्वार आहे, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तो गेला. नोंद करणाऱ्याने मुखपृष्ठावर होते तसे उतरवले असेल तर अनुस्वाराविना शोधून ती सापडणार नाही, आणि त्याने स्वतःच्या सवयीने लिहिले असेल तर अनुस्वारासह सापडणार नाही. पुष्कळ ग्रंथालयांनी मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत केल्या आहेत, तिथे तर आनंदच. ज्ञानेश्वरी हे एकच नाव जे-एन, डी-एन-वाय आणि जी-वाय अशा तीन अक्षरगटांनी सुरू होऊ शकते. राजवाडे कधी डब्ल्यूचे असतात, कधी व्हीचे. पाच-सहा रूपे टाकून पाहिल्यावर नोंद सापडते, पण त्यात ‘खंड’ या रकान्यात काहीच नाही, म्हणजे त्या ग्रंथालयात बावीसही असतील किंवा एकच. मग फोन. तिकडचा देवघेव विभागातला कर्मचारी भला असेल तर कपाटापर्यंत जाऊन पाहतो. पुस्तक आहे, पण कागद ठिसूळ झाला आहे. ‘ग्रंथालयातच वाचण्यासाठी’ या अटीवर पाठवता येईल; म्हणजे ते तिच्या घरी जाणार नाही, तिच्या विद्यापीठाच्या वाचनकक्षात बसून पंधरा दिवसांत वाचायचे. तेही चालेल. मग पत्र कोणाच्या सहीने जायचे, आणि पुस्तक कोणाच्या नावावर चढवायचे, या दोन प्रश्नांपाशी गाडी थांबते. टपालखर्चाचा मुद्दा या सगळ्यात आलाही नाही, आणि तो यावा इतका मोठाही नाही. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले आहे. त्यात ३०० ग्रॅमपर्यंतचे पुस्तक २० रुपयांत आणि पाच किलोंचा गठ्ठा १०० रुपयांत जातो, कर वेगळा. कोल्हापूरहून पुण्याला जाऊन यायचे एसटीचे भाडे याच्या कितीतरी पट आहे.

यादीचा पाय आपल्याकडे अधू आहे, पण अगदी निकामी नाही. शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’त १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची नोंद केली आणि पुढे १९५० पर्यंतचा भागही काढला. एका माणसाने संगणकाशिवाय केलेल्या या कामापुढे आजही मान खाली घालावी लागते, कारण कोणती पुस्तके निघाली हे तरी त्यामुळे कळते. देशपातळीवर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये इन्फ्लिबनेटचा कार्यक्रम सुरू केला. आता गांधीनगरला असलेल्या या केंद्राची ‘इंडकॅट’ ही विद्यापीठांची संयुक्त तालिका कोणालाही पाहता येते. त्याआधी १९८८ मध्ये दिल्लीत डेलनेट निघाले; ते पुढे दिल्लीपुरते राहिले नाही आणि आजही सभासद ग्रंथालयांमध्ये पुस्तके फिरवते. १९९० च्या दशकात अशी शहरवार जाळी बरीच निघाली. पुण्यात विद्यापीठ, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सी-डॅक यांनी मिळून पुणेनेट काढले, मुंबईत बोनेट निघाले. तंत्रज्ञ नावाजलेले, संस्था मातब्बर, तरी ही जाळी डेलनेटसारखी रुजली नाहीत. संगणक जोडणे हा उत्साहाचा भाग होता. जोडलेल्या संगणकावर आलेला अर्ज उचलून कपाटाकडे जाणे हे रोजचे काम, आणि ज्याच्या टेबलावर ते नेमून दिलेले नाही तो ते सणासुदीलाच करणार. याउलट उदाहरणही आहे. आयोगाच्या इन्फोनेट योजनेत २२ ग्रंथालयांना नियतकालिकांतले लेख इतर विद्यापीठांना पुरवण्यासाठी नेमून दिले होते. मागणी कोणाकडे जायची आणि कोणी भागवायची हे ठरलेले होते, त्यामुळे तिथे निदान बोट ठेवायला जागा होती.

दुसरा पाय कराराचा, म्हणजे जबाबदारीचा, आणि खरे दुखणे तिथे आहे. परहस्ते गेलेले पुस्तक गेलेच समजावे, अशा अर्थाचे संस्कृत सुभाषित आपल्याकडे शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असते. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक लिहून ठेवी की तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. एकेक प्रत हाताने उतरवण्याच्या काळात ही भीती रास्तच होती. तीच भीती आता दाखल नोंदवहीच्या रूपाने ग्रंथालयात बसली आहे. ग्रंथालयात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला दाखल अंक मिळतो, तो शिक्क्यासह पुस्तकावर चढतो, आणि पडताळणीच्या वेळी त्या अंकापुढे पुस्तक दिसले नाही तर प्रश्न ग्रंथपालाला विचारला जातो. निवृत्तीच्या तोंडावर असलेल्या ग्रंथपालाला ‘ना-देय प्रमाणपत्र’ मिळेपर्यंत झोप लागत नाही ती याच अंकांपायी. गंमत अशी की नियम दिसतो तितका कठोर नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला २१५ वा नियम सांगतो, की वर्षभरात वाचकांना दिलेल्या वा पाहिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर ते वाजवी मानावे, फक्त त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मिळ पुस्तकाची मात्र चौकशी व्हावी. २० हजारांपर्यंत पुस्तके असलेल्या ग्रंथालयात दरवर्षी पूर्ण पडताळणी, ५० हजारांपर्यंत तीन वर्षांतून एकदा, त्यापुढे नमुन्यादाखल. म्हणजे वापर झाला तर थोडी झीज होणार हे खुद्द वित्त खात्याने मान्य केलेले आहे. हा नियम केंद्राच्या संस्थांना लागू, राज्यांचे नियम आपापले. पण वातावरण नियमाच्या शब्दांनी बनत नाही, लेखापरीक्षकाच्या शेऱ्याने बनते. पुस्तक न दिल्याबद्दल कोणत्याही ग्रंथपालावर कधी शेरा आलेला नाही, दिलेले परत न आल्याबद्दल येतो. अशा हिशेबात ‘नाही’ म्हणणे हा गुन्हा नसतो, शहाणपणा असतो.

म्हणून ‘पुस्तके हरवतील’ या आक्षेपाला ‘नाही हरवणार’ हे उत्तर नव्हे. काही हरवतील. प्रश्न एवढाच की हरवलेल्याचा भार एका माणसाच्या सेवापुस्तकावर पडावा की दोन संस्थांमधल्या करारावर. पहिल्या रचनेत देवघेव होणारच नाही, दुसरीत होईल. कागद ठिसूळ आहे, प्रत एकमेव आहे, अशा पुस्तकांसाठी मूळ प्रत न हलवता हवी ती पाने नक्कल करून पाठवणे हेच योग्य. १८६७ पूर्वीच्या दोलामुद्रितांना, म्हणजे छपाईच्या बाल्यावस्थेतल्या पुस्तकांना, टपालाच्या पोत्यात घालावे असे कोणीही म्हणणार नाही. पण सगळ्याच पुस्तकांवर ‘संदर्भासाठी राखीव’ असा शिक्का मारून तीस वर्षांपूर्वीची साधी कादंबरीही दुर्मिळ ठरवणे ही वेगळी गोष्ट झाली.

आता नव्या काळाचा आक्षेप: इंटरनेटवर सगळे मिळते, मग पार्सले कशाला? यात बरेच तथ्य आहे. ज्या शास्त्रीय लेखांसाठी पूर्वी झेरॉक्सचे गठ्ठे गावोगाव जात ते आता पडद्यावर उघडतात. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३ हजार नियतकालिके, आणि ती ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना खुली. प्रबंधांपुरते बोलायचे तर आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर ‘शोधगंगा’ उभी राहिली आणि टंकलिखित प्रत पाहायला दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची वेळ पुष्कळांची टळली. पण या यादीत काय नाही ते पाहा. पुस्तके नाहीत. मराठी नियतकालिकांचे जुने अंक नाहीत. शोधगंगेपूर्वीचे, एखाद्या विद्यापीठाच्या पोटमाळ्यावर बांधून ठेवलेले कितीतरी प्रबंध नाहीत. जे आहे तेही ग्रंथालयाच्या मालकीचे नसते, परवान्याने वापरायला मिळालेले असते. छापील पुस्तक एकदा विकत घेतले की ते कोणाला वाचायला द्यायचे हे मालक ठरवतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्येच सांगितले, की पुस्तकाच्या आत छापलेल्या सूचनेने प्रकाशक पुढच्या विक्रीची किंमत बांधून ठेवू शकत नाही. तिथल्या ग्रंथालयांच्या उसनवारीला आधार आहे तो याच तत्त्वाचा. ई-पुस्तकाचा परवाना मात्र उघडल्याबरोबर सांगतो की दुसऱ्या संस्थेला देता येणार नाही. छापील प्रत कपाटात ठेवून तिची स्कॅन केलेली प्रत एका वेळी एकालाच द्यायची, अशी तोड इंटरनेट अर्काइव्हने काढून पाहिली. प्रकाशकांनी २०२० मध्ये दावा लावला आणि २०२३ मध्ये आणि मग अपिलात २०२४ मध्ये निकाल प्रकाशकांच्या बाजूने लागला. म्हणजे छापील पुस्तक उसने पाठवणे ही मागासलेली पद्धत ठरण्याऐवजी, कायद्याच्या दृष्टीने सगळ्यांत मोकळी पद्धत ठरली आहे.

लेखक-प्रकाशकांचे नुकसान होते, हाही आक्षेप ऐकू येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षे जातात. त्यात ग्रंथालयांनी एकच प्रत घेऊन राज्यभर फिरवली तर प्रकाशक बुडेल. बाजारात मिळणारे, मागणी असलेले पुस्तक उसने मागवू नये, विकत घ्यावे, असाच नियम चांगल्या योजनांमध्ये असतो. उसनवारी असावी ती बाजारातून गेलेल्या पुस्तकांसाठी. भारतीय कायद्याचा रोखही साधारण हाच आहे: १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमात, जे पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नाही त्याच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या उपयोगासाठी करता येतात. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावर तीन बड्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये लावलेल्या दाव्यात उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शिक्षणासाठीच्या नकलांना बरीच मोकळीक दिली, आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. तो निकाल अध्यापनाबद्दल होता, सरसकट सगळ्या नकलांबद्दल नव्हे, हे झेरॉक्स काढणारे सोयीस्करपणे विसरतात.

राहिला मोठ्या ग्रंथालयांचा रुसवा: आम्हीच देत राहायचे आणि लहानांनी घेतच राहायचे का? हा रुसवा खरा आहे, आणि परोपकाराच्या गोष्टी सांगून तो जात नाही. बॉस्टन स्पाला प्रत्येक अर्जामागे दाम मिळे. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९५ मध्ये प्लास्टिकची व्हाउचरे काढली. घेणाऱ्याने अर्जासोबत व्हाउचर धाडायचे, देणाऱ्याने ते पुढे स्वतःच्या मागणीसाठी वापरायचे किंवा पैसे करून घ्यायचे. चलनाचा घोळ नाही, बँकेचे कमिशन नाही. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाने शंभर पुस्तके दिली आणि दहाच घेतली, तर उरलेल्या नव्वदांचे मोल त्याच्या हिशेबात जमा दिसले पाहिजे. मूल्यांकनाच्या अहवालात ‘एकूण ग्रंथसंपदा’ याच्याशेजारी ‘इतरांना पुरवलेले ग्रंथ’ असा एक रकाना असता तर हा रुसवा निम्मा ओसरला असता. शिवाय लहान-मोठे हे नाते नेहमी एकाच दिशेचे नसते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आहे, मुंबईचे १८९८ चे. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची मुळे १८३२ पर्यंत जातात. ही विद्यापीठे नव्हेत, पण जुन्या मराठी पुस्तकांच्या बाबतीत पुष्कळ विद्यापीठांनी यांच्या दारात अर्ज घेऊन उभे राहावे लागेल.

या सगळ्याला एक दूरचा पण सख्खा पुरावा आहे. अमेरिकेने भारताला पाठवलेल्या गव्हाची किंमत रुपयांत साठत होती. पीएल-४८० कायद्याखाली त्या रुपयांतून १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीतले कार्यालय भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊ लागले आणि ती तिथल्या निवडक विद्यापीठांना पोचू लागली. त्यात मराठी पुस्तके होती: कादंबऱ्या, कवितासंग्रह, जिल्ह्याच्या गावी निघालेली चरित्रे. शिकागो, बर्कली, विस्कॉन्सिन अशा ठिकाणी ती नोंदली गेली, बांधली गेली, संयुक्त तालिकेत चढली. आज ओहायोतल्या एखाद्या लहान महाविद्यालयातल्या विद्यार्थिनीला १९७० सालची मराठी कादंबरी हवी असेल तर ती आपल्या ग्रंथालयाच्या पानावर चार रकाने भरते आणि शिकागोहून पुस्तक आले की तिला ई-मेल येतो. बांधणीवर कागदी पट्टी असते, तिच्यावर परत करण्याची तारीख आणि ज्या संस्थेकडे जबाबदारी आहे तिचे नाव. तीच कादंबरी पुण्यातल्या एका कपाटात आहे हे लातूरच्या विद्यार्थिनीला ठाऊक असले, तरी अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा हे तिला आधी विचारून घ्यावे लागते.